जुन्या हरितगृहाच्या सांगाड्यावर आच्छादन : काटकसर कोठे करावी व कोठे करू नये

हरितगृह म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे आता कारण उरलेले नाही. सन २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाले, तेव्हापासून अनुदान व बँकेचे कर्ज यांच्या आधारावर पुणे, सातारा, नाशिक या बाजूस आणि थोड्या प्रमाणात आपल्या मराठवाड्यातही पॉलिहाऊसे उभी राहिली. त्यांपैकी काही उत्तम चालली, काही चालली नाहीत. कोणाचा फुलांचा भाव पडला, कोणाची विहीर आटली, कोणाचे हप्ते थकले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी होऊन फुलबाजार बंद झाले, तेव्हा तर तोडलेली फुले उकिरड्यावर टाकण्याची पाळी पुष्कळांवर आली. अशा मालकांच्या सांगाड्यांवरील कागद तीन-चार वर्षांत फाटून गेला, नवा घालण्यास पैसा राहिला नाही, आणि आज ते लोखंडी सांगाडे उघडे उभे आहेत. जस्ताचा मुलामा दिलेले पाईप नीट राखले तर पंधरा-वीस वर्षे टिकतात. म्हणजे एका सांगाड्याच्या आयुष्यात कागदाची चार-पाच आयुष्ये जातात. हे सांगाडे आता विक्रीस येतात, आणि भूम तालुक्यातील जमीनदार शेतकऱ्यांस ते घ्यावेसे वाटू लागले आहे, हे आम्ही पाहत आहोत. घेण्यास हरकत नाही. परंतु सांगाडा स्वस्त मिळाला म्हणजे हरितगृह स्वस्त मिळाले, ही समजूत खरी नव्हे. खरा पैसा आच्छादनास लागतो, आणि बहुतेकांची गाठ तेथेच सुटते.

थोडक्या पैशात आच्छादन करण्याचा विचार काही आपल्याच वाट्यास आलेला नाही. प्लॅस्टिकचे हरितगृहच मुळी त्या विचारातून जन्मास आले. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात प्रोफेसर एमर्ट यांस काचेचे हरितगृह बांधण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी १९४८ साली लाकडी चौकटींवर काचेऐवजी पातळ पारदर्शक कागद ताणून काम भागविले, आणि पुढे पॉलिथिन त्या कामी आले. स्पेनच्या दक्षिणेस अल्मेरिया म्हणून कोरड्या हवेचा प्रांत आहे. तेथील शेतकऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात द्राक्षांच्या जुन्या तारमांडवांवरच प्लॅस्टिक पसरून भाजीपाला घेण्यास आरंभ केला, आणि आज तेथे हजारो हेक्टर जमीन प्लॅस्टिकखाली आहे. बार्शीकडील द्राक्षांचे मांडव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस ही गोष्ट लगेच उमगेल. तेव्हा जुन्या सांगाड्याचा उपयोग करणे यात कमीपणा काही नाही. प्रश्न एवढाच की, पैसा कोठे वाचवावा.

सांगाडा सोडवून आणण्यापूर्वी एक गोष्ट प्रथम सांगतो, कारण आमचा सारा जन्म महसुली दप्तरात गेला आहे. ज्या जमिनीवर तो सांगाडा उभा आहे, तिचा सातबारा काढून 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा अथवा सोसायटीचा बोजा आहे किंवा नाही, हे पाहावे. पुष्कळशी पॉलिहाऊसे कर्जातून उभी राहिली आहेत. कर्ज फिटले नसेल तर सांगाडा हाही तारणाचाच भाग असण्याचा संभव असतो, व सांगाड्याचे तारण सातबाऱ्यावर दिसेलच असे नाही. मालकाने विकला तरी बँकेचा त्यावरील हक्क सुटत नाही. वसुलीचा प्रसंग आला म्हणजे तंटा खरेदीदाराच्या दारी येतो. म्हणून बँकेचा ना-देय दाखला अथवा विक्रीस लेखी संमती पाहिल्यावाचून इसार देऊ नये. तसेच अनुदान घेऊन उभारलेला सांगाडा हलविता येतो किंवा कसे, हे त्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून घ्यावे. आणि आपणांस जुन्या सांगाड्यावर नवे अनुदान मिळेल, हे जोपर्यंत कोणी लिहून देत नाही तोपर्यंत ते जमेस धरू नये. पावतीत खांब किती, कमानी किती, पन्हळ किती फूट, हे मोजून लिहावे. 'एक पॉलिहाऊस, सर्व साहित्यासह' असे लिहिलेल्या पावतीने शेवटी कोणाचेच समाधान होत नाही.

आता सांगाड्याची पारख. गंज प्रथम लागतो तो खांब जमिनीत शिरतो तेथे आणि पन्हळीच्या जोडाखाली. तेथे लहान हातोडीने ठोकून पाहावे. चांगला पाईप खणखणीत वाजतो, आतून खाल्लेला असेल तर आवाज बद्द येतो. पुण्याकडील सांगाड्यांत फवारणीची व आतील दमट हवेची बाधा अधिक झालेली असते, म्हणून पाईपाची आतील बाजूही टोकाशी पाहावी. काँक्रीटमध्ये गाडलेले पायाचे पाईप सहसा निघत नाहीत, ते नवे घ्यावे लागतात. तो खर्च आधीच हिशेबात धरावा. सोडवताना प्रत्येक नगावर रंगाने नंबर घालावा आणि कागदावर आकृती काढून तिच्यात तेच नंबर लिहावेत. हे काम एका दिवसाचे आहे. न केल्यास उभारणीत आठवडा जातो.

कागद फाटतो तो बहुधा वाऱ्याने फाटत नाही, लोखंडाने फाटतो. वारा केवळ निमित्त होतो. बोल्टाचे बाहेर आलेले टोक, वेल्डिंगचा खडा, कापलेल्या पाईपाची धार, वाकलेल्या कमानीचा कोपरा, यांवर कागद दिवसरात्र घासतो व एके दिवशी तेथून चीर पडते. सबब कागद आणण्यापूर्वी कानस घेऊन प्रत्येक कमानीवरून हात फिरवावा; हातास जे टोचेल ते कागदास टोचेल. बोल्टाची टोके आतल्या अंगास फिरवून घ्यावीत. ठिबकच्या निरुपयोगी लॅटरल नळ्या प्रत्येकाच्या शेतात पडलेल्या असतात. त्या उभ्या चिरून धारेच्या व जोडाच्या जागी बसवून बांधाव्यात. ही काटकसर उत्तम. मात्र पांढऱ्या अगर करड्या पी.व्ही.सी. पाईपाचे तुकडे कागदास लागून वापरू नयेत, त्या पदार्थाच्या संसर्गाने पॉलिथिन लवकर कुजते. दुसरी गोष्ट उष्णतेची. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे लोखंड इतके तापते की हात ठेववत नाही, आणि ज्या रेषेवर कागद त्या तापलेल्या पाईपास चिकटून असतो, तीच रेषा प्रथम पिवळी पडून तडकते. तेवढ्या पट्टीस पांढरा पाण्यात कालविण्याचा रंग द्यावा व तो पुरता वाळू द्यावा. तेलाचा रंग देऊ नये.

यानंतरचा प्रश्न असा की, घालावयाचे काय : कागद की जाळी? येथे आमचे मत स्पष्ट आहे, आणि ते विक्रेत्यांस आवडण्यासारखे नाही. बालाघाटच्या माथ्यावरचा आपला मुलूख हलक्या मुरमाड जमिनीचा, बेताच्या पावसाचा व कडक उन्हाळ्याचा आहे. येथे पिकास जो त्रास होतो तो वर्षातील बहुतेक महिने उन्हाचा व कोरड्या वाऱ्याचा होतो, पावसाचा नव्हे. रोपवाटिका, कोथिंबीर व पालेभाजी, उन्हाळी काकडी, टोमॅटो यांस शेडनेटची जाळी पुरते. पालेभाजीस शेकडा ३५ ते ५० सावलीची आणि रोपांस ५० ची. जाळीतून वारा काही अंशी निघून जातो, म्हणून सांगाड्यावर ताण कमी पडतो. ढोबळी मिरची, जरबेरा, गुलाब अशा पिकांस पानावर पाऊस नको असतो, तेथे मात्र कागदावाचून चालत नाही. ज्याचे पीक ठरलेले नाही त्याने जाळी घालून एक वर्ष काढावे. कागद घातला आणि बाजूस हवा खेळण्यास जागा ठेवली नाही, तर आपल्या उन्हाळ्यात हरितगृहाची भट्टी होते. बाजूस कीटकरोधक जाळी, तिच्याबाहेर गुंडाळून वर घेता येईल असा कागदाचा पडदा, आणि माथ्यावर हवा निघण्यास सांगाड्यात ठेवलेली पट्टी, या तिन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत. जुन्या सांगाड्याची माथ्यावरची पट्टी पैसे वाचविण्यासाठी सरळ कागद ओढून बुजविणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांस दुपारी दोन वाजता आत उभे राहवत नाही, मग मिरचीने कसे राहावे?

कागदाचा हिशेब पुष्कळांस अवघड वाटतो, म्हणून उदाहरणच घेऊ. एक गाळा आठ मीटर रुंद व वीस मीटर लांब आहे, आणि कमानीची उंची पन्हळीपासून दोन मीटर आहे. अशा कमानीवरून मोजले असता लांबी सुमारे ९.३ मीटर भरते. दोन्ही अंगांस दुमड व अडकवणी धरून दहा मीटर, आणि लांबीकडे एक मीटर अधिक, म्हणजे १० गुणिले २१ मिळून २१० चौरस मीटर कागद लागतो. पॉलिहाऊसचा कागद २०० मायक्रॉन जाडीचा असतो. त्याचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे १८४ ग्रॅम भरतो. म्हणजे या गाळ्याच्या छतास साधारण ३९ किलो कागद लागेल. असे सहा गाळे म्हणजे ९६० चौरस मीटर, आपले साडेनऊ गुंठे, आणि छताचा कागद सुमारे २३२ किलो. दोन्ही टोकांच्या भिंती, पडदे व खालची पट्टी यांचा हिशेब वेगळा. हेच वजन खरेदीच्या वेळी उपयोगी पडते. २०० मायक्रॉन म्हणून १५० मायक्रॉनचा माल दिला तर डोळ्यास तो ओळखू येत नाही. परंतु मीटरभर लांब व मीटरभर रुंद तुकडा मोजून कापावा आणि वाण्याच्या काट्यावर घालावा. तो १८० ग्रॅमच्या पुष्कळ खाली उतरला तर माल परत करावा. हरितगृहाच्या कागदास भारतीय मानक आय.एस. १५८२७ हे आहे; बिलावर तो क्रमांक, जाडी व किती वर्षांची हमी हे लिहून घ्यावे.

अतिनील किरणांस टिकणारा कागद व साधा पारदर्शक कागद यांच्या किमतीत फरक असतो, आणि मोह तेथेच पडतो. समजा साधा कागद शंभर रुपये किलो व टिकाऊ कागद दोनशे रुपये किलो आहे. (हे आकडे चालू भाव नव्हेत, केवळ हिशेबाच्या सोयीस धरले आहेत.) वरील एका गाळ्यास साधा ३,९०० रुपयांत व टिकाऊ ७,८०० रुपयांत होतो. परंतु साधा कागद आपल्या उन्हात एका उन्हाळ्यापुढे जात नाही. तीन वर्षांत तो तीनदा घालावा लागेल, म्हणजे ११,७०० रुपये, शिवाय बसविण्याची मजुरी तीनदा, आणि प्रत्येक वेळी तो फाटेल तो नेमका पीक उभे असताना फाटेल. पिवळी अथवा निळी ताडपत्री घालण्याची कल्पनाही कोणी कोणी काढतात. ती खळ्यावर चांगली; तिच्याखाली पिकास पुरेसा उजेड मिळत नाही.

मग पैसा थोडा असेल तर करावे काय? आमचे सांगणे असे की, सहा गाळ्यांवर हलका माल पसरण्यापेक्षा दोन किंवा तीनच गाळ्यांवर चांगला माल घालावा व बाकीचे उघडे ठेवावेत. पुढच्या वर्षी पिकाच्या उत्पन्नातून आणखी एक झाकावा. यास लोक हसतात, अर्धे झाकलेले घर दिसण्यास बरे दिसत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु कर्ज काढून पूर्ण झाकलेली आणि दोन वर्षांनी पूर्ण उघडी पडलेली घरे त्याहून बरी दिसतात असे नाही. ज्यांचे सांगाडे आज आपण विकत घेत आहोत, त्यांपैकी कित्येकांची हकीकत हीच आहे. उघड्या गाळ्यांत खांबांना तारा बांधून दोडका, कारले, घोसाळे यांचे वेल चढवावेत. मांडवाचा खर्च आयताच वाचतो. मात्र वेलाचे ओझे खांबांवर घ्यावे, कमानींवर टाकू नये. आणि झाकलेला भाग जेथे संपतो तेथील उभी बाजू बंद करावयास विसरू नये. ती उघडी राहिली तर वारा आत शिरून छत खालून उचलतो.

वाऱ्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा जोर चौपट होतो. वळवाच्या आधी जी वावटळ सुटते ती घराच्या भिंतींना ढकलते खरी, पण तिचे खरे काम छत वर ओढण्याचे असते. म्हणून पाया केवळ भार सोसण्यास नव्हे, तर खांब धरून ठेवण्यास हवा. मुरमात दोन-अडीच फूट खोल खड्डा घेऊन, पायाच्या पाईपास आडवा गज वेल्ड करून, काँक्रीट भरावे. येथे सिमेंट वाचवू नये. पश्चिमेच्या बाजूस शेवगा, गिरीपुष्प अथवा बांबूची रांग असावी. परंतु तिची सावली व गळालेला पाला छतावर येणार नाही इतकी ती दूर असावी.

कागद अडकविण्यास अॅल्युमिनियमची पन्हळीसारखी पट्टी व तिच्यात बसणारी झिगझॅग तार ही रीत सर्वांत चांगली. जुन्या सांगाड्याबरोबर पट्ट्या मिळतात, त्या धुऊन व सरळ करून पुन्हा वापरता येतात. तार मात्र गंजलेली असेल तर नवी घ्यावी, कारण गंजकी तार कागद कातरते. पट्टीत कागद दुहेरी दुमडून घालावा. पट्ट्या अपुऱ्या असतील तर छतास त्या पुरवाव्यात आणि खालच्या बाजूंस चिरलेल्या लॅटरलचे तुकडे चाप म्हणून वापरावेत. खिळे व सुतळी यांनी छत बांधू नये; प्रत्येक भोक ही पुढे चीर होणार.

बसविण्याची वेळ आमच्या मते दसऱ्यानंतरची. तेव्हा वारा पडलेला असतो व कागदास पहिले काही महिने सौम्य ऊन मिळते. दिवस निवाऱ्याचा पाहून सकाळी कोवळ्या उन्हात काम धरावे. भर दुपारी कागद तापून लांबलेला असतो. तेव्हा तो ताणला तर रात्रीच्या गारव्यात आखडून पट्टीतून ओढला जातो. पहाटेच्या थंडीत सैल बसविला तर दुपारी आणखी सैल पडून फडफडतो, आणि फडफडणारा कागद महिन्याभरात मरतो. कोणती बाजू वर यावी हे कागदावर छापलेले असते, ते वाचून घ्यावे. उलटा बसला तर आतल्या अंगास पाण्याचे थेंब साचून पिकावर गळतात. वीस मीटरच्या गाळ्यास सहा माणसे तरी हवीत, आणि कागद जमिनीवरून फरफटत नेऊ नये.

जुना कागद सांगाड्याबरोबर फुकट मिळतो. तो दोन्ही हातांनी ताणून पाहावा. चुरचुरला किंवा रेषेवर फाटला तर छतास निरुपयोगी, परंतु खालच्या पट्टीस किंवा सरपणावर झाकण्यास चालेल. गंधकाची धुरी व गंधकयुक्त औषधे कागदातील टिकाऊपणाचे द्रव्य मारतात, म्हणून भुरी रोगावर ती वारंवार वापरणाऱ्याने हमीच्या वर्षांवर फार विसंबू नये. उन्हाळ्यात कागदावर चुन्याचा सडा देण्याची चाल आहे. त्याने आत गारवा येतो, पण निथळलेला चुना पन्हळीच्या जस्तास व अॅल्युमिनियमच्या पट्टीस खातो. त्यापेक्षा आतून पांढरी जाळी ओढावी. भूमकडे खव्याच्या भट्ट्या घरोघर पेटतात. भट्टीच्या धुराच्या वाटेत हरितगृह बांधू नये, काजळी छतावर बसते व उजेड घटतो. धूळ तर सर्वत्रच आहे. पाऊस नसेल त्या महिन्यांत एकदा तरी छत मऊ फडक्याने व पाण्याने धुवावे.

पाण्यावरून आठवले. कागदाच्या बाजूने एक गोष्ट बोलण्यासारखी आहे, ती जाळीत नाही. वरील सहा गाळ्यांच्या छतावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे चोवीस हजार लिटर पाणी पन्हळीतून उतरते. ते शेततळ्यात घेतले तर उन्हाळ्यात विहिरीवरचा ताण कमी होईल. आणि न घेतले तर तेच पाणी खांबांच्या पायाशी मुरून पाया पोकळ करील. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा-भूम भागाने पाणी काय करते हे पाहिलेच आहे. म्हणून पन्हळीचे जोड भरून, उतार ओळंब्याने तपासून, शेवटास मोठा पाईप लावून पाणी दूर न्यावे. पन्हळ गळते किंवा नाही हे कागद चढविण्याच्या आदल्या दिवशी चार घागरी पाणी ओतून पाहावे. कागद चढल्यावर तेथे हात पोहोचत नाही.